‘किल’ म्हणजे चर्च की जंगल?

आयर्लंडमधील असंख्य स्थळनामांचा आरंभ ‘किल’ने होतो. मूळ गेलिक भाषेत चर्च आणि वन यांसाठी दोन निराळे शब्द आहेत. इंग्रजी लेखनात मात्र दोन्ही बहुधा ‘किल’च होतात. किल्डेअर म्हणजे ओकवृक्षाचे चर्च. इतर नावांचा उलगडा केवळ नकाशावरून होणे अवघडच.

जमीनमहसुलाच्या आकारणीसाठी ब्रिटिश सरकारने १८२४ मध्ये आयर्लंडची मोजणी हाती घेतली. नावांचे शुद्धलेखन ठरविण्याचे काम १८३० पासून जॉन ओ’डोनोव्हन या भाषापंडिताकडे आले. तो खेडोपाडी हिंडला, वृद्धांच्या तोंडून उच्चार ऐकले, ते जुन्या हस्तलिखितांशी ताडून पाहिले आणि मूळ रूप अर्थासह वह्यांत टिपले. नकाशे छापले गेले ते मात्र इंग्रजी वळणाच्या नावांनिशी!

१८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. त्यानंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली, तितकीच परागंदा झाली. त्यांत गेलिक बोलणारे गरीब शेतकरी फार होते. त्यांच्या तोंडचे उच्चार या वह्यांत उरले. २००८ मध्ये इंटरनेटवर खुल्या झालेल्या आयर्लंडच्या अधिकृत स्थळनामकोशालाही या नोंदींचा आधार आहे.