घृतकल्पना

घृतकल्पना : वनस्पतींचा कल्क (वाटून केलेला लगदा) व काढा तुपात मुरेपर्यंत शिजवून औषध तयार करण्याची आयुर्वेदीय पद्धत. तयार औषधाला सिद्धघृत म्हणतात. चरकसंहितेने तूप, तेल, वसा (चरबी) व मज्जा असे चार स्नेह सांगून तुपाला अग्रस्थान दिले आहे. त्याचे कारण नेमके आहे: ज्या द्रव्याचा संस्कार करावा त्याचे गुण तूप उचलते, पण स्वतःचे सोडत नाही. तूप स्वभावतः शीत असल्याने वाताबरोबर पित्तही शमवते. गाईचे तूप सर्वोत्तम, तर मेंढीचे सर्वांत अहितकर मानले आहे.

शार्ङ्गधरसंहितेतील सर्वसाधारण प्रमाण कल्क 1 भाग, तूप 4 भाग व द्रव 16 भाग असे आहे. मंद आचेवर पाणी आटत जाते. कल्काची बोटांनी वात वळता आली, ती विस्तवावर धरल्यास तडतडली नाही आणि तुपावरचा फेस बसला, की पाक झाला. तेलात मात्र फेस येणे हीच पाकाची खूण, त्यामुळे दोहोंची गल्लत करून चालत नाही. मृदू पाक नस्याला (नाकात घालण्यास), मध्यम पोटात घेण्यास व बस्तीला (एनिमा), तर खर पाक अभ्यंगाला (अंगाला चोळण्यास) वापरतात.

ब्राह्मीघृत अपस्मार व उन्मादात, महातिक्तकघृत त्वचारोगांत, तर त्रिफळाघृत नेत्ररोगांत देतात. नेत्रतर्पणात डोळ्याभोवती उडदाच्या पिठाचे आळे करून त्यात कोमट तूप भरतात. पंचकर्मात वमन-विरेचनापूर्वी 3 ते 7 दिवस चढत्या मात्रेने तूप पाजतात. अनुपान (औषधासोबत घेण्याचे पेय) गरम पाणी. पाण्यात शंभर वेळा धुतलेले शतधौतघृत लोण्यासारखे मऊ होते व दाह होणाऱ्या त्वचेवर लावतात. उन्मादासाठी चरकाने 10 वर्षे जुने, उग्र वासाचे तूपही सांगितले आहे. ते अर्थातच जेवणात वाढायचे नव्हे.

तूप कितीही खाल्ले तरी हितकरच, या आजच्या प्रचाराला ग्रंथांचा आधार नाही. तुपातील निम्म्याहून अधिक मेदाम्ले संतृप्त असतात, ही आधुनिक आहारशास्त्राची हरकत वेगळी. पण मूळ ग्रंथांतही अग्नी, दोष व ऋतू पाहूनच मात्रा ठरते. साम (न पचलेल्या आमाने युक्त) अवस्थेत व कफ वाढलेला असताना तूप टाळतात, मध व तूप समभाग घेणे विरुद्ध मानतात. नव्या तापात ते वर्ज्य. साधारण 10 दिवस उलटून कफ ओसरल्यावर मात्र चरक त्याच रोग्याला तूप द्यायला सांगतो.