दोरी आणि आकडा

श्रोतेहो, अर्धापूरच्या शिवारात केळीची लागण होताना आपण पाहिली असेल. आधी दोरी ताणायची, मग पाच-पाच फुटांवर कंद लावायचे. उभ्या ओळी एकमेकींना समांतर हव्यात, आडव्या ओळी त्यांच्याशी काटकोनात. आडवी दोरी २० फुटांत १ फूट कलली, तर २०० फुटांवर ती १० फूट सरकते. म्हणजे बांधाशी दोन ओळींची जागा गेलीच म्हणा!

दोरीने काटकोन साधायची ही विद्या फार जुनी. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी मांडण्यासाठी रचलेल्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी, ३ आणि ४, ५ आणि १२ अशा बाजूंच्या जोड्या दिल्या आहेत. पुढे ११५० साली भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त भुज, कोटी आणि कर्ण यांची गणिते घातली.

पण दोरी रानात चालते, कागदावर कसे ओळखायचे? १६३७ साली फ्रान्सच्या देकार्तचा भूमितीचा ग्रंथ निघाला आणि रेषा आकड्यांत मांडायची वाट मोकळी झाली. त्यातूनच पुढे रेषेचा ‘चढ’ मोजणे आले.

चढ म्हणजे काय? चौकटीच्या कागदावर एका बिंदूपासून ४ घरे उजवीकडे, ३ घरे वर जा. चढ झाला तीन चतुर्थांश. दुसरी रेषा ८ घरे उजवीकडे, ६ घरे वर जाते. चढ तोच, म्हणून त्या समांतर. आता पहिल्याच बिंदूपासून ३ घरे डावीकडे, ४ घरे वर जा. आकड्यांची अदलाबदल झाली, एक दिशा उलटली. हा चढ उणे चार तृतीयांश. दोन्ही चढांचा गुणाकार उणे १ आला, की काटकोन समजावा. मात्र एक रेषा अगदी आडवी आणि दुसरी अगदी उभी असेल, तर गुणाकाराच्या भरीस पडू नये. उभ्या रेषेला चढाचा आकडाच नसतो. तिथे काटकोन उघडच आहे.

आकड्यावर विश्वास बसत नाही? मग पडताळा पाहा. या दोन्ही भुजा ५-५ घरांच्या. त्यांच्या टोकांमधले अंतर ७ घरे आडवे, १ घर उभे. वर्गांची बेरीज ५०. इकडे २५ आणि २५, तेही ५०. बौधायनाची दोरी आणि देकार्तचा आकडा एकच साक्ष देतात.

गुरुजनहो, हे गणित फळ्यावर मांडा, पण तिथेच थांबू नका. मुलांना दोरी देऊन एकदा रानात न्या.