संघ आपला, गडी कुणाचा?

कबड्डीचा विषय निघाला की आमच्या दिघाशीत लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "सिद्धार्थला सोडला तिथंच यू मुंबा संपली." दुसरा म्हणतो, "एका गड्यावर कधी संघ चालतो का रे?" हा वाद २०१९ सालचा, पण अजून मिटलेला नाही. मधल्या काळात माणसं बदलली, गोडाऊनमधल्या पाळ्या बदलल्या, वाद मात्र तसाच. दर लिलावानंतर त्याला नवी नावं चिकटतात एवढंच.

बरेच दिवस मनात होतं की या वादाकडे एकदा शांतपणे बघावं. कोण बरोबर हे ठरवायला नव्हे, तर संघ हरत असताना आपण नेमकं कशावर भांडतो ते समजून घ्यायला.

सुरुवात थोडी मागून करतो. गडी पळवणं ही काही प्रो कबड्डीने आणलेली गोष्ट नाही. लालबाग-परळच्या गिरणगावात कबड्डी होती तेव्हापासून चांगल्या गड्यावर चार संघांचा डोळा असायचा. पुढे महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, रेल्वे, पोलीस, बँका असे व्यावसायिक संघ आले. तिथं बोली पैशांची नव्हती, नोकरीची होती. गावातला पोरगा चढाईला बरा असला की कुणीतरी म्हणायचं, "याला कंपनीत लावा." एकदा लागला की लागला. गुडघा गेला तरी पगार चालू, साठीपर्यंत टेबल-खुर्ची. त्यामुळे कुणी क्लब सोडला तर लोक चिडायचे, पण शिव्या देताना जरा सांभाळून द्यायचे. पोटासाठी गेला, काय बोलणार!

मग आला २०१४ चा जुलै. मुंबईत एनएससीआयच्या दिव्यांखाली यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांचा पहिला सामना झाला आणि आपला मातीतला खेळ एकदम टीव्हीवर, मॅटवर, रंगीत कपड्यांत दिसू लागला. यू मुंबा पहिल्या हंगामात उपविजेती, २०१५ ला विजेती (बंगळूरला ३६-३० ने हरवून), २०१६ च्या सुरुवातीला पुन्हा उपविजेती. तीन हंगाम, तीन अंतिम सामने. याच काळात शेजारची पुणेरी पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत आठांत आठवी! पुण्याच्या संघावर तेव्हा जे विनोद व्हायचे ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. :)

आता गंमत बघा. २०१५ च्या त्या विजेत्या संघाचा कप्तान अनुप कुमार हरियाणाचा. कोपऱ्यांवर मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा, दोघंही उत्तरेकडचेच. जीवा कुमार तमिळनाडूचा, शब्बीर बापू केरळचा. आपले म्हणावेत असे विशाल माने, रिशांक देवाडिगा. तेव्हा कुणी विचारलं नाही की मुंबईच्या संघात मुंबईचे किती. जिंकत होते ना! अनुप बोनस घेऊन परत फिरायचा आणि तो जन्मापासून इथलाच असल्यासारखे आपण ओरडायचो. "आपली पोरं का घेत नाहीत?" हा प्रश्न संघ हरायला लागल्यावरच सुचतो. प्रश्न खोटा नाही, पण त्याची वेळ बघण्यासारखी आहे.

आता येऊ सिद्धार्थ देसाईकडे. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीकडचा हा उंचापुरा पोरगा २०१८ ला यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांत घेतला. पहिल्याच हंगामात त्याने चढाईत २१८ गुण काढले. मराठी पोरगा, मुंबईचा संघ, सगळं जुळून आलं होतं. पुढच्या वर्षीच्या लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना त्याला उचलला. आमच्याकडे त्या दिवशी जवळजवळ सुतक होतं.

मग काय झालं? सिद्धार्थ तेलुगूकडूनही तसाच खेळला, चढाईत २१७ गुण. म्हणजे मागच्यापेक्षा फक्त एक कमी. पण तेलुगू टायटन्स बारांत अकराव्या आल्या. आणि त्याला सोडून 'संपलेली' यू मुंबा उपांत्य फेरीत गेली, बंगालकडून ३७-३५ अशी दोन गुणांनी हरली.

इथं दुसरा पक्ष लगेच मिशीला पीळ देतो. पण थांबा. त्याच यू मुंबात तेव्हा अर्जुन देशवाल नावाचा एक तरुण चढाईपटू होता. २०२१ च्या लिलावात तो ९६ लाखांना जयपूरकडे गेला. त्या हंगामात त्याने अडीचशेच्या वर गुण काढले, पुढच्या हंगामात चढाईत २९६, आणि डिसेंबर २०२२ मध्ये जयपूर विजेते. तेही मुंबईतच, पुणेरी पलटणला हरवून! इकडे यू मुंबा त्या दोन्ही हंगामांत पहिल्या सहातही नव्हती. म्हणजे ज्याच्यासाठी आपण रडलो त्याच्या जाण्याने फारसं बिघडलं नाही, आणि जो गेल्याचं फारसं कुणाला कळलंही नाही त्याच्या जाण्याने बिघडलं.

याहून स्पष्ट उदाहरण २०२३ च्या लिलावाचं. त्या वर्षी प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा होती ५ कोटींची. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६०.५ लाख लावले. पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूवर २ कोटी ३५ लाख लावले. दोन्ही संघांनी निम्म्याच्या आसपास तिजोरी एकेका माणसावर रिकामी केली. हंगाम संपला तेव्हा पुणे विजेते, हैदराबादेत १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ ने हरवून. आणि तेलुगू टायटन्स २२ सामन्यांत २ विजय मिळवून सगळ्यात तळाला. पवन वाईट खेळला का? अजिबात नाही. त्याचे गुण दोनशेच्या आसपास होते.

मग फरक कुठे पडला?

आमच्याकडे एक जुने गडी आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. ते म्हणतात, "चढाईवाल्याचे गुण मोजू नका, तो बाहेर किती वेळ बसला ते मोजा." मला हे सगळ्यात पटतं. कबड्डी हा मुळात मरण्या-उठण्याचा खेळ. चढाईपटू पकडला गेला की तो बाहेर जाऊन बसतो आणि आपल्या संघाने गुण काढला तरच उठतो. आता ज्या संघाचा बचाव कच्चा, त्याचा दोन कोटींचा गडी बाकावर बसून मॅटकडे बघत राहतो. दरम्यान उरलेले एकेक करून बाद होतात, लोण चढतो, आणि मग सगळेच परत उठतात, पण समोरच्याला दोन गुण जास्तीचे देऊन. उलट बचाव पक्का असेल तर पुढच्याच चढाईत पकड होते आणि आपला गडी उठतो. म्हणजे चढाईपटूच्या खात्यावर जे गुण दिसतात त्यातले निम्मे तरी त्याला उठवणाऱ्या कोपरारक्षकाचे असतात. ते त्याच्या नावावर कुणी लिहीत नाही.

आणि बचाव विकत घेता येत नाही, निदान एका दिवसात तरी नाही. डावा कोपरा घोट्यात शिरला की मध्यरक्षकाने त्याच क्षणी अंगावर यायचं असतं. अर्धा क्षण उशीर झाला की एकाऐवजी दोघे बाद. ही सवय वर्षानुवर्षं एकत्र सरावाने लागते. पुण्याने नेमकं तेच केलं होतं. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत ही पोरं त्यांनी आधीच्या हंगामांपासून धरून ठेवली, काहींना तर युवा संघापासून वाढवलं. अंतिम सामन्यात पुण्याकडून सर्वात जास्त गुण काढले ते पंकजने. शादलू त्या तयार भिंतीत येऊन बसला. तेलुगूकडे भिंतच नव्हती, नुसता कळस आणून ठेवला.

हे फक्त कबड्डीतच होतं असं नाही. २०१३ साली हॉकी इंडिया लीग सुरू झाली तेव्हा मुंबईचाही एक संघ होता, मुंबई मॅजिशियन्स. शिक्षक रिक चार्ल्सवर्थसारखा जगन्मान्य माणूस. पेनल्टी कॉर्नरला संदीप सिंग, स्पर्धेत सर्वाधिक ११ गोल त्याचेच. आणि संघ? पाचांत पाचवा. त्यात इथल्या विरोधामुळे पाकिस्तानी खेळाडूंना स्पर्धा अर्धवट सोडून परतावं लागलं, मुंबईच्याही. दोन हंगामांत तो संघ गुंडाळला आणि २०१५ ला दबंग मुंबई नावाचा नवा आला. सर्वाधिक गोल करणारा आणि तळाचा संघ एकाच जर्सीत! आज मुंबईत किती जणांना मॅजिशियन्स आठवत असतील, देव जाणे.

मग काय, मोठा गडी घेऊच नये? तसंही नाही. पुण्याने पुढच्या वर्षी शादलूला सोडला, हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणा विजेते. पुणे पहिल्या सहातही नाही (त्यात अस्लम मध्येच जायबंदी झाला, हेही लक्षात घ्यायला हवं). पहिला पक्ष म्हणाला, "बघा!" त्यानंतर २०२५ ला शादलू गुजरातकडे गेला. गुजरात पहिल्या आठातही आली नाही आणि त्याच्याशिवाय पुणे थेट अंतिम सामन्यात, दिल्लीकडून ३१-२८ ने हरले. दुसरा पक्ष म्हणाला, "बघा!"

म्हणजे पुरावा दोन्हीकडे आहे. मला यातून एवढंच दिसतं की मोठा गडी संघ उभा करत नाही, उभ्या संघाला वर नेतो. हरणारा संघ नेमका उलटा विचार करतो. आधी कुणाला तरी दोषी ठरवतो, मग त्याला सोडतो, मग नवा कळस शोधायला निघतो. दर वर्षी.

आता जी गोष्ट मला खरी बोचते ती सांगतो. आपण भांडतो ते दोन कोटीवाल्यांवरून, पण काट मारतो ती भलत्याच नावांवर. "तो डावा मध्यरक्षक फुकट आहे, काढा त्याला." हा 'तो' कोण असतो? २०२३ च्या लिलावात शेवटच्या गटाची मूळ किंमत ९ लाख होती. त्या गटातला कुणीतरी. कुठल्यातरी तालुक्यातला, अनवाणी मातीत खेळून वर आलेला, एका हंगामासाठी निवडलेला. त्याच्या वडिलांच्या पिढीत तो कंपनीच्या संघात लागला असता. आज ते संघ आणि त्या भरत्या पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत. गुडघा गेला तर पुढच्या वर्षी त्याच्या नावावर बोलीच लागत नाही, झालं.

आमच्या भागातही अशी पोरं आहेत. दिवसा गोडाऊनला हमाली किंवा लूमवर पाळी, संध्याकाळी सराव. कुणाचे वडील विचारतात, "यात पुढे काही आहे का?" पूर्वी या प्रश्नाला उत्तर होतं, भले लहानसं का असेना. सरकारी नोकरीत खेळाडूंच्या राखीव जागा आजही आहेत, पण जागा थोड्या आणि मॅटकडे बघणारे डोळे लाखो. महाराष्ट्राने २०१८ च्या जानेवारीत रिशांकच्या कप्तानीखाली ११ वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं तेव्हा वाटलं होतं, आता चित्र बदलेल. काही अंशी बदललंही. अस्लम, पंकज, आकाश ही त्याचीच पुढची फळी. पण ती लिलावाच्या रात्री सापडलेली नाही. कुणीतरी चार-पाच वर्षं हरण्याची तयारी ठेवून सांभाळलेली आहे.

मला वाटतं 'आपला' गडी म्हणजे आपल्या जिल्ह्यातला नव्हे आणि महागडाही नव्हे. ज्याला दोन वाईट सामन्यांनंतरही आपण उभा राहू देतो तो आपला. अनुप तसा आपला झाला होता. बाकी मग लिलाव आहेच, दर वर्षी.

दादांना मी हे सगळं ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे. पण सिद्धार्थला सोडायला नको होता."

असो. तुमच्या गावात काय म्हणतात?