मूळ इंजिनाचा शोध

संहिताचिकित्सेचा तास संपत आला की विद्यार्थ्यांमधून एक प्रश्न हमखास येतो. ‘सर, ग्रंथकर्त्याच्या हातची प्रत सापडणारच नसेल, तर हस्तलिखिते ताडून पाहण्याचा एवढा खटाटोप कशासाठी?’ या प्रश्नाला आम्ही वर्षानुवर्षे पुस्तकी उत्तरे देत आलो आणि ती ऐकून वर्ग गप्प बसत आला. पण वर्ग गप्प बसला म्हणजे त्याचे समाधान झाले असे नव्हे, हे शिक्षकाला कळतेच. अलीकडे या प्रश्नाचा विचार करायला एक अनपेक्षित विषय आमच्या हाती लागला, तो म्हणजे अमेरिकेतील जुन्या ‘मसल कार’ मोटारी, त्यांचे लिलाव आणि त्यांच्या इंजिनांची अदलाबदल. यंत्रशास्त्रात आमची गती बेताचीच आहे. तरीही या मोटारींच्या खरेपणावरून तिकडे जे वाद चालतात, ते वाचताना आपण आपल्याच शास्त्राविषयी वाचत आहोत असे आम्हाला वारंवार वाटले.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, साध्या घरगुती गाडीत मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवून, सामान्य तरुणाला परवडेल अशा किमतीत विकलेली मोटार. या प्रकाराचा आरंभ बहुतेक अभ्यासक 1964 च्या पॉन्टियाक जीटीओपासून मानतात. जनरल मोटर्सने जानेवारी 1963 मध्ये शर्यतींतून अंग काढून घेतले होते. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असाही त्या कंपनीचा नियम होता. पॉन्टियाक शाखेतील जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून पळवाट काढली. पॉन्टियाकच्या 326 आणि 389 घनइंची इंजिनांची बाह्य मापे सारखीच होती. एकाच्या जागी दुसरे सहज बसत असे. म्हणून त्यांनी थोरल्या गाड्यांचे 389 घनइंची इंजिन धाकट्या टेम्पेस्टमध्ये बसविले आणि ते नवे मॉडेल म्हणून न आणता ग्राहकाने मागितल्यास मिळणारी जादा सोय म्हणून विक्रीस ठेवले. जादा सोयींना वरिष्ठांची मंजुरी लागत नसे. पहिल्याच वर्षी अशा 32,450 गाड्या खपल्या आणि ज्यांचा नियम मोडला होता त्यांनाही मग बोलायला जागा उरली नाही. मसल कारचा जन्मच असा इंजिनाच्या अदलाबदलीतून झाला आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढचा सारा विरोधाभास तिच्यातून निघतो.

या मोटारींचा बहर फार काळ टिकला नाही. क्रायस्लरचे 426 घनइंची ‘हेमी’ इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत 1966 ते 1971 एवढीच वर्षे मिळाले. तरुण चालकांवर विमा कंपन्यांनी जबर हप्ते लादले. 1970 च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर बंधने आणली. ऑक्टोबर 1973 मध्ये तेलाची कोंडी सुरू झाली, तेव्हा हे युग जवळजवळ संपलेलेच होते. नंतरची काही वर्षे या गाड्या निव्वळ जुन्या आणि पेट्रोलखाऊ ठरल्या. ज्यांच्या हाती त्या गेल्या त्यांनी त्या मन मानेल तशा चालविल्या, शर्यतींत दामटल्या, त्यांची इंजिने फोडली आणि भंगारातून जे मिळेल ते आत बसविले. हमीच्या मुदतीत इंजिन बिघडले तर कंपनीही नवा ठोकळा देई आणि त्यावर अर्थातच गाडीचा जुना क्रमांक नसे.

पुढे या गाड्यांना पुराणवस्तूंचे मोल आले आणि चित्र पालटले. ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे बॅरेट-जॅक्सनचा आणि फ्लोरिडातील किसिमी येथे मेकमचा, असे दोन मोठे लिलाव दर जानेवारीत भरतात. 1971 ची उघड्या टपाची हेमी कुडा ही गाडी जेमतेम डझनभर निघाली होती. त्यांपैकी एक 2014 मध्ये मेकमच्या सिएटल येथील लिलावात 35 लाख डॉलरना गेली. या बाजारात सर्वांत जड शब्द ‘मॅचिंग नंबर्स’ हा आहे. गाडीच्या अंगावरचा क्रमांक आणि इंजिनावर ठोकलेला त्याचा अंश जुळला, तर इंजिन तिचे जन्माचे. न जुळल्यास बोली लक्षणीय खाली येते. यातला विनोद असा की 1968 च्या सुमारास इंजिनावर व गिअरबॉक्सवर हे अंक ठोकण्याची पद्धत रूढ झाली, ती चोरीला आळा बसावा म्हणून. अर्ध्या शतकानंतर कोणी हे अंक भिंग लावून वाचील, हे ठोकणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसेल.

आता ही पारख कशी चालते ते पाहा. इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर तो कधी ओतला याची खूण असते. शेवरलेच्या ठोकळ्यांवर महिन्याला एक अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक. गाडी फेब्रुवारीत जुळविलेली आणि ठोकळा मार्चमध्ये ओतलेला, तर ते इंजिन तिचे असूच शकत नाही. आपण कागदावरच्या जलचिन्हावरून पोथीची पूर्वमर्यादा ठरवितो, तोच हा न्याय. अंक जेथे ठोकतात त्या पृष्ठावर कारखान्यातील यंत्राने उमटलेल्या बारीक समांतर रेषा असतात. इंजिन दुरुस्त करताना ते पृष्ठ घासून सपाट केले, की रेषाही जातात आणि अंकही. म्हणजे प्रामाणिक कारागीर नीट काम करताना पुरावा पुसतो आणि लबाड माणूस त्याच कोऱ्या जागेवर हवे ते अंक ठोकतो. म्हणून जाणकार आधी रेषा पाहतात, अंक नंतर वाचतात. क्रायस्लरच्या गाड्यांत तर कधी कधी आसनाच्या स्प्रिंगांत अडकलेला, गाडी कशी जुळवायची हे कामगारांना सांगणारा कारखान्याचा कागद सापडतो. एके काळी रद्दीत जाण्याच्या लायकीचा हा कागद आज पुष्पिकेइतका मोलाचा ठरतो.

येथवर सारे शिस्तशीर आहे. पण डॉन येंको यांच्या गाड्यांपाशी ही शिस्त अडखळते. पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्ग येथे त्यांची शेवरलेची विक्रीपेढी होती. 1967 मध्ये तेथे कारखान्यातून आलेल्या कॅमॅरोमधून 396 घनइंची इंजिन उतरवून कॉर्व्हेटचे 427 घनइंची इंजिन चढविले जाई, कारण त्या आकाराच्या गाडीत 427 बसवायला कंपनीची मनाई होती. आज या गाड्या संग्राहकांच्या दृष्टीने रत्ने आहेत. मग अशा गाडीचे मूळ इंजिन कोणते? कारखान्याने बसविलेले म्हणावे, तर ते जिच्यात राहिले ती येंको कॅमॅरो नव्हेच. विक्रेत्याने बसविलेले म्हणावे, तर अदलाबदल हाच येथे मूळ पाठ ठरतो. 1969 मध्ये गमतीला आणखी भर पडली. टॅक्सी, पोलीस अशा घाऊक ग्राहकांच्या खास मागण्यांसाठी कंपनीत एक वेगळा आदेशमार्ग होता. त्याच मार्गाने 427 घनइंची इंजिन कारखान्यातच कॅमॅरोत बसू लागले. काल जो प्रक्षेप होता तो आज अधिकृत संहितेत दाखल झाला.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची येथे आठवण होते. व्यासांच्या हातचा ग्रंथ आपण देत आहोत, असा दावा सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरचा पाठ, एवढेच त्यांचे उद्दिष्ट होते. गाळलेले श्लोकही त्यांनी फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत जपले. लिलावाच्या बाजाराला ही तळटीप मान्य नाही. त्याला गाडी कारखान्याच्या दारातून निघाली त्या सकाळी होती तशीच हवी असते आणि पुढची पन्नास वर्षे हा सारा अपपाठ वाटतो. बनावट अंकांना मागणी येते ती याच हव्यासातून.

याच्या उलट टोकाला इंजिन उघडपणे बदलणारे आहेत. 1997 च्या कॉर्व्हेटमधून आलेले शेवरलेचे एलएस घराण्यातील इंजिन हलके, आटोपशीर आणि मोडीत निघालेल्या गाड्यांतून सहज मिळणारे. जुन्या कॅमॅरोत ते बसविताना आधाराचे कंस, तेलाची तबकडी, वायरिंग, इंधनाचा पंप असे बरेच बदलावे लागते, पण गाडी रोज वापरता येते. अलीकडे काही जण विजेची मोटारही चढवितात. शुद्धतावादी यावर नाक मुरडतात. आम्हाला मात्र यात गैर दिसत नाही, कारण येथे फसवणूक नाही. मुक्तेश्वरांच्या मराठी भारताला कोणी प्रक्षेप म्हणत नाही. ती जुन्या कथेची नवी रचना आहे आणि तिच्यावर कर्त्याची मुद्रा आहे. दोष बदलात नसतो, बदल लपविण्यात असतो. क्वचितच हाती आलेल्या, अंगच्या इंजिनासह टिकलेल्या गाडीचे मात्र वेगळे. तिचे इंजिन उपटणे म्हणजे एकमेव पोथीवर शाई ओतण्यासारखे आहे आणि तेथे आम्ही शुद्धतावाद्यांच्या बाजूचे.

शेवटी एका गाडीची गोष्ट. ‘बुलिट’ या 1968 च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालविलेली हिरवी मस्टँग 1974 मध्ये एका कुटुंबाने 6,000 डॉलरना घेतली. घरातली शिक्षिका काही वर्षे ती घेऊन शाळेत शिकवायला जात असे. मॅक्वीन यांनी ती परत मागितली, तरी कुटुंबाने दिली नाही. जानेवारी 2020 मध्ये किसिमीच्या लिलावात तिला शुल्कासह 37 लाख 40 हजार डॉलर मिळाले. तिला नवा रंग चढविलेला नव्हता. गंज, ओरखडे, चित्रीकरणासाठी केलेल्या फेरफारांच्या खुणा, सारे जसेच्या तसे होते. कारखान्याच्या दारातली ती सकाळ त्या गाडीने केव्हाच मागे टाकली होती आणि तिचे मोल झाले ते त्यानंतरच्या प्रवासाचे.

विद्यार्थ्यांना आता आम्ही एवढेच सांगतो. मूळ प्रत सापडेल म्हणून हस्तलिखिते ताडायची नसतात. कोणता फरक कोणी, केव्हा आणि का केला हे ओळखता यावे, म्हणून ती ताडायची. ज्याला रेषा वाचता येत नाहीत, त्याला कोणीही कोरे अंक ठोकून देतो.