टीबी-३०३ : बेसिस्टची बदली आणि दहा राग

काही महिन्यांपूर्वी एका मित्राने टीबी-३०३ची नवी कोरी नक्कल घेतली. मी ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मनात आलं, हे तर खेळणं आहे! वर फिरवायच्या बटणांची ओळ, खाली जेमतेम एका सप्तकाच्या पट्ट्या. सोळा घरांत स्वर भरायचे, आणि त्यांचा काळ वेगळा भरायचा. पण एकदा सूर सुरू झाला आणि मी 'कटऑफ' फिरवला, तसा आवाज गुरगुरता गुरगुरता किंचाळायला लागला. तासभर यंत्र खाली ठेववेना.

मूळ यंत्र जपानच्या रोलँड कंपनीचं. १९८१ साली आलेलं, तादाओ किकुमोतो यांनी घडवलेलं. 'टीबी' म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. सोबतीला बेस गिटार वाजवणारा नसेल, तर त्याची जागा या यंत्राने घ्यावी, ही कल्पना. पण आवाज काही केल्या बेस गिटारसारखा वाटेना. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि १९८४मध्ये उत्पादन थांबलं.

याच दरम्यान मुंबईत चरणजितसिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले अनुभवी वादक होते. त्यांनी हे यंत्र वेगळ्याच नजरेने पाहिलं. तेव्हा सिनेमात डिस्कोची लाट होती. त्यांनी ठरवलं, ठेका डिस्कोचा ठेवायचा, तबला बाजूला ठेवायचा आणि राग वाजवायचे. तालाला टीआर-८०८, खर्जाला ३०३, वरच्या सुरावटीला ज्युपिटर-८. १९८२च्या त्या तबकडीत भैरव, यमन, मालकंस असे दहा राग आहेत.

आपल्याकडे पट्टीच्या वाद्यांशी भांडण जुनं. मराठी संगीत रंगभूमीवर गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी हार्मोनियमला मान मिळवून दिला, तरी १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. आक्षेप हाच, की तिच्यात मींड निघत नाही. ३०३मध्ये 'स्लाइड' आहे, एक स्वर दुसऱ्यावर घसरत जातो. घसरण्याचा वेळ ठरलेला, त्यामुळे तिला मींड म्हणता येणार नाही. पण भैरव ऐकताना खालचा सूर असा वळतो, की कान टवकारतात.

तबकडी फारशी चालली नाही. पुढे शिकागोत 'फ्यूचर' या गटातल्या पोरांच्या हाती एक जुनं ३०३ लागलं. त्यांनी बटणं पिळत पिळत केलेलं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' १९८७मध्ये आलं आणि त्यातून 'अ‍ॅसिड हाउस' हा प्रकारच उभा राहिला. त्यांच्यातला डीजे पिएर सांगतो, की क्लबात हे पहिल्यांदा वाजलं तेव्हा नाचणारे निघून गेले, त्याच रात्री चौथ्यांदा वाजलं तेव्हा बेभान झाले.

२०१०मध्ये चरणजितसिंगांची तबकडी युरोपात पुन्हा निघाली आणि 'अ‍ॅसिडचा जनक मुंबईत' अशी हाकाटी झाली. मला ती पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकली असल्याचा पुरावा नाही. आणि चरणजितसिंगांना मोठं ठरवायला शिकागोचा दाखला लागावाच कशाला? ते राग वाजवत होते. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी परदेशात हे संगीत मंचावरून वाजवलं, समोर नातवंडांच्या वयाची पोरं नाचली. २०१५मध्ये ते गेले. तबकडी आज फोनवर सापडते. भैरवपासून सुरुवात करा, आणि तो नुसताच भैरव म्हणून ऐका.