३ सप्टेंबर १९०६ : गोल्डफील्डची झुंज

अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या एस्मेराल्डा काउंटीत, सोन्याच्या खाणींमुळे बघता बघता फुगलेल्या गोल्डफील्ड गावी, बॉक्सर जो गान्स आणि बॅटलिंग नेल्सन भर उन्हात ४२ फेऱ्या लढले. नेल्सनने कमरेखाली ठोसा मारला. तो नियमभंग धरून पंचांनी गान्सला विजयी ठरवले. आयोजक टेक्स रिकार्डने बक्षिसाची सोन्याची नाणी आधीच खिडकीत मांडली होती. जगज्जेता गान्स कृष्णवर्णीय; मानधन मात्र गोऱ्या आव्हानवीराच्या जेमतेम निम्मे! खेळातल्या वर्णभेदाचा हिशेब निघाला की ही पावती आजही पुढे येते. रिकार्डने पुढे न्यूयॉर्कचे तेव्हाचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन उभारले. बॉक्सिंगच्या आजच्या बाजाराचे दुकान त्या खिडकीतच उघडले म्हणा ना. इकडे गोल्डफील्डचे सोने सरले, माणसे पांगली. २०२० च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीत ७२९ रहिवासी होते. त्यांचे कोर्ट अजूनही गोल्डफील्डच्या त्या काळातल्या दगडी इमारतीतच भरते.