बाज, फळी आणि पाऊल

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळातील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट याने १७७९ साली, पाठीला कुबड येऊन पाय लुळे पडण्याच्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यामागे क्षयाचा जंतू आहे हे त्याला कळण्याचा संभव नव्हता; तो जंतू रॉबर्ट कॉख याने दाखविला १८८२ साली. परंतु कारण कळले तरी औषध नव्हते, आणि औषधाच्या अभावी वैद्यापाशी एकच तजवीज उरे, ती म्हणजे विश्रांती. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमसने सक्तीच्या, अखंड आणि प्रदीर्घ विश्रांतीचाच पुरस्कार केला होता. प्लास्टरच्या साच्यात मुले महिनोन्महिने उताणी निजविली जात, आणि कणा सांधेपर्यंत पायांचे स्नायू वाळून जात. त्या काळाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण जंतू जिवंत असताना हालचाल हीच हानी होती.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ साली आयसोनियाझिड हाती आल्यावर हालचालीवरचा हा मनाईहुकूम उठला. मद्रास येथील एका प्रयोगाने १९५९ साली सिद्ध केले, की फुप्फुसाच्या क्षयाचा रोगी नियमित औषधे घेऊन घरीही आरोग्यधामाइतकाच बरा होतो; वाराणसीच्या डॉ. तुली यांनी कण्याच्या क्षयात औषधे, मर्यादित विश्रांती आणि निकड असेल तरच शस्त्रक्रिया असा मध्यममार्ग १९७५ साली मांडला. याच सुमारास आपल्याकडे भौतिकोपचार (फिजिओथेरपी) ही विद्या रुजत होती. तिचे शिक्षण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात पन्नासच्या दशकारंभीच सुरू झाले होते.

या विद्येचा गाभा म्हणजे रुग्णाच्या देहाला हात लावणे, आणि वर्धा जिल्ह्यात ती परंपरा त्याआधीची आहे. सेवाग्रामात कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींच्या अंगाला गांधीजी स्वतः मालिश करीत. त्याच गावी डॉ. सुशीला नय्यर यांनी उभारलेल्या कस्तुरबा रुग्णालयाला जोडून १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि पुढे सावंगी (मेघे) येथे भौतिकोपचाराचे स्वतंत्र महाविद्यालयही आले.

या विद्येचे काम दिसायला क्षुल्लक, परंतु मोलाचे. पाय लुळे असताना शय्याव्रण होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे, तीही ओंडका वळवावा तशी सबंध, कणा न मुरडता, पाऊल खाली लोंबू नये म्हणून ते आधाराने काटकोनात ठेवणे, सांधे आखडू नयेत म्हणून आप्तांच्या हातून ते रोज हलविणे, श्वासाचे व्यायाम, आणि कणा स्थिर झाल्याची खातरी होताच पट्टा बांधून बसविणे, मग समांतर दांड्यांत उभे करणे. दोरीची बाज मध्ये झोळते, म्हणून घरी पाठीखाली सपाट फळी हवी, हे आईला वा बायकोला उमगले की निम्मे काम झाले असे मी मानतो. उपचार पुस्तकांत असतो, पण तो घडतो घरच्या माणसाच्या हातून.

शेतकरी घरात विचारणा एकच असते, वेचणीला कधी जाता येईल? कापूस वेचताना दिवसभर वाकावे लागते, डोईवर हंडा घेतला की भार थेट कण्यावर येतो, आणि औषधांचा क्रम वर्षभराचा वा अधिक; तोवर ओझे आणि वाकणे बंद. म्हणून पहिला धडा उठण्याचाच: कुशीवर वळायचे, पाय बाजेवरून खाली सोडायचे, दोन्ही हातांनी जोर द्यायचा, आणि पाठ सरळ ठेवून जमिनीला तळवे टेकवायचे.